गादीवरून ड्रायव्हर सीटवर

कांजूरमार्गला पश्चिमेला उतरून पवईकडे निघालात, तर रिक्षाच्या मागच्या सीटवर बसता ते रेक्झिनवर. उन्हाळ्यात ते पाठीला चिकटतं, पावसात त्यावर पाण्याचे थेंब तसेच उभे राहतात आणि रिक्षावाले काका एका फडक्यानं ते झटक्यात पुसून टाकतात. आता हीच रिक्षा एलबीएस रोड ओलांडते, त्या रस्त्याकडे जरा बघा. आज आपण त्याला लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतो, पण घरातल्या एखाद्या आजोबांना विचारा, ते अजून ‘आग्रा रोड’च म्हणतील. शीवपासून निघालेला हा जुना मुंबई-आग्रा रस्ता. ठाणे, भिवंडी, कसारा घाट, नाशिक, धुळे, मग नर्मदा ओलांडून इंदूर. म्हणजे कांजूरच्या या सिग्नलला पवईकडे वळायचं सोडून कुणी उत्तरेला सरळ चालवतच राहिलं, तर त्या दिवशी रात्री तो होळकरांच्या राजधानीत पोचेल.

या रस्त्याच्या एका टोकाला धारावी, जिथं चामड्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. दुसऱ्या बाजूला इंदूर, जे विसाव्या शतकात कापडगिरण्यांचं शहर होतं. आणि या इंदूरचा एक मराठी राजा होता, ज्याच्या गाड्या आणि खुर्च्या बघायला आजही जगभरचे लोक म्युझियममध्ये रांग लावतात. महाराजा यशवंतराव होळकर दुसरे. (इंग्रजांशी लढले ते यशवंतराव पहिले. गोंधळ करू नका, दोघांत शंभरहून जास्त वर्षांचं अंतर आहे.)

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. ते गादीवर आले तेच एका गाडीतल्या खुनामुळे. १९२५ च्या जानेवारीत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची गाडी अडवून त्याला गोळ्या घातल्या गेल्या. गाडीत त्याच्याबरोबर मुमताज बेगम होती, जी आधी इंदूर दरबारात होती. मारेकऱ्यांचे धागे इंदूरपर्यंत पोचले, खटला देशभर गाजला आणि चौकशीला सामोरं जाण्याऐवजी महाराज तुकोजीराव तिसरे यांनी १९२६ च्या फेब्रुवारीत गादी सोडली. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. म्हणजे तुमच्यातल्या एफवाय-एसवायवाल्यांएवढा. राज्याचे पूर्ण अधिकार मिळायला त्याला १९३० पर्यंत थांबावं लागलं.

‘गादीवर आले’ असं आपण सहज म्हणून जातो. पण हा शब्द नीट ऐका. इंग्रजांचा राजा लाकडाच्या, सोन्याच्या खुर्चीत बसतो. आपला राजा बसतो गादीवर, म्हणजे कापसानं भरलेल्या कापडावर, पाठीला तक्क्या आणि बाजूला लोड घेऊन. महेश्वरच्या वाड्यात अहिल्याबाईंची बैठक आजही दाखवतात, ती तशीच साधी, पांढरीशुभ्र. आणि होळकरांचं मूळ घराणं धनगरांचं, नीरा नदीकाठच्या होळ गावचं. तिथं बसायला, पांघरायला, पावसात डोक्यावर घ्यायला एकच गोष्ट, ती म्हणजे घोंगडं. या घराण्याला बैठक म्हटलं की लोकर आणि कापूस ठाऊक.

चामड्याचं आपल्याकडे वेगळंच होतं. सोवळ्यात रेशीम चालतं, धाबळी चालते, पण कातड्याचा पट्टा काढून ठेवावा लागतो. देवळाबाहेर चपला सोडाव्या लागतात. गंमत म्हणजे हरणाचं किंवा वाघाचं कातडं मात्र ऋषीमुनींच्या आसनाला चालतं. तेव्हा आक्षेप कातड्याला कधीच नव्हता. तो गाईबैलाच्या कातड्याला होता, आणि त्याहून जास्त ते कमावणाऱ्या हातांना होता. हे हात गावकुसाबाहेर ठेवले गेले. हे लक्षात ठेवा, कारण पुढं जी महागडी सीट येणार आहे, तिच्याखाली हा सगळा इतिहास दबलेला आहे.

आता गाडीकडे येऊ. आज कुठल्याही शोरूममध्ये जा. खालच्या मॉडेलला कापडी सीट, वरच्याला लेदर. लेदर म्हणजे श्रीमंती, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण शंभर वर्षांपूर्वीच्या लक्झरी गाडीत नेमकं उलटं होतं. चामडं पुढं, शोफरच्या बुडाखाली आणि मालक मागं, कापडावर. कारण सरळ आहे. गाडी आली बग्गीतून. बग्गीचा कोचमन उघड्यावर, ऊनपावसात बसायचा. त्याची बैठक पुसता येईल अशी, भिजली तरी न कुजणारी हवी, म्हणून चामड्याची. मालक आत, बंद खोलीत, त्याला काय पाऊस लागणार? त्याच्यासाठी मऊ लोकरी कापड, बेडफर्ड कॉर्ड, कधी मखमल, कधी रेशमी ब्रोकेड. कापडावर माणूस घसरत नाही, थंडीत ते गार लागत नाही, वळणावर करकर वाजत नाही. लंडनच्या कोचबिल्डरांकडे इंग्लंडच्या पश्चिम भागातल्या गिरण्यांचं लोकरी कापड यासाठी नावाजलेलं होतं. जपानमध्ये ही रीत अजून टिकून आहे. तिथल्या सम्राटासाठी टोयोटानं २००६ मध्ये बनवलेल्या सेंच्युरी रॉयलमध्ये पुढची सीट चामड्याची आणि सम्राटाची मागची सीट लोकरी कापडाची आहे. ही जुनी उतरंड बघायची तर ती गाडी बघावी.

मग लेदर मालकाकडे कधी आलं? ज्या दिवशी मालकानं शोफरला उठवून स्टिअरिंग स्वतःच्या हातात घेतलं त्या दिवशी. स्पोर्ट्स कार म्हणजे हौसेनं स्वतः चालवायची गाडी. ती बहुतेक वेळा उघडी, वर फक्त कॅनव्हासचा टप. मालक आता कोचमनच्या जागी बसला, तेव्हा कोचमनचं चामडंही त्याच्या वाट्याला आलं. यशवंतराव अगदी याच बदलाच्या पिढीतले.

इंग्लंडमध्ये चीम आणि चार्टरहाउसच्या शाळा, मग ऑक्सफर्डचं क्राइस्ट चर्च कॉलेज, असं त्यांचं शिक्षण झालं. लग्न लहानपणीच, १९२४ साली, कागलच्या घाटग्यांच्या संयोगिताराजेंशी. कागल म्हणजे राजर्षी शाहूंचं माहेरघर म्हणायला हरकत नाही, दत्तक जाण्याआधी तेही कागलचेच. हे तरुण जोडपं युरोपात फिरलं, तेव्हा पॅरिसमध्ये नव्या डिझाइनचं वारं जोरात होतं. नक्षी, वेलबुट्टी, सोनेरी मुलामा सगळं बाजूला सारून सरळ रेषा, काच, स्टील. ऑक्सफर्डच्या काळातच यशवंतरावांची ओळख एकार्ट मुथेसियस या जर्मन आर्किटेक्टशी झाली. दोघांच्या वयात फारसं अंतर नव्हतं. इंदूरला राजवाडे होतेच, पण या दोघांनी १९३० ते १९३३ या काळात माणिकबाग नावाचं एक घर उभं केलं, ज्यात एअर-कंडिशनिंगपासून दाराच्या मुठीपर्यंत प्रत्येक गोष्ट नव्या पद्धतीची होती. तुमच्यापैकी कुणी पवईला आयडीसीत प्रॉडक्ट डिझाइन शिकत असेल, तर त्यानं माणिकबागेचे फोटो शोधून बघावेत. तेवढ्यासाठी एक सबमिशन उशिरा गेलं तरी चालेल.

त्या घरातल्या बैठका बघा. ल कोर्बुझिए, पिएर जानरे आणि शार्लोत पेरियां यांनी डिझाइन केलेली स्टीलची आरामखुर्ची तिथं होती, पण महाराजांच्या खुर्चीवर बिबट्याचं कातडं होतं. पॅरिसच्या मॉडर्न डिझाइनवर थेट आपलं व्याघ्राजिन! हा विनोद मुद्दाम केलेला की आपोआप झालेला, ज्यानं त्यानं ठरवावं. आयलीन ग्रेची ट्रान्सॅट खुर्ची होती, रुलमनचं ऑफिसचं फर्निचर होतं, जमिनीवर दा सिल्व्हा ब्रून्सचे विणलेले गालिचे. आणि लायब्ररीत मुथेसियसनं स्वतः बनवलेल्या लालभडक खुर्च्या, ज्यांच्या पाठीतच वाचायचे दिवे बसवलेले. या खुर्च्यांचं आवरण कशाचं होतं? कृत्रिम चामड्याचं. म्हणजे जातीनं तुमच्या रिक्षातल्या रेक्झिनच्या जवळचं. कापडावर रासायनिक लेप देऊन त्याला चामड्याचा चेहरा द्यायचा, हा तेव्हा अगदी ताजा शोध वाटायचा. ज्याला जगातलं कुठलंही कातडं विकत घेता आलं असतं, त्यानं आपल्या लायब्ररीत रेक्झिनची बहीण आणून ठेवली. कारण त्याच्या लेखी नवेपणा महागाईपेक्षा मोठा होता. मला हा माणूस आवडतो तो इथं.

याच नजरेनं त्यांनी गाडी निवडली. त्या काळी बडी गाडी ‘तयार’ मिळत नसे. कंपनी फक्त चासी द्यायची, म्हणजे सांगाडा, इंजिन आणि चाकं. बॉडी आणि आतलं सगळं शिवून घ्यायचं कोचबिल्डरकडून, जसा आपण कापड घेऊन शिंप्याकडे जातो तसं. यशवंतरावांनी अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची ड्यूसेनबर्ग घेतली. मॉडेल जे १९२८ मध्ये आलं, तेव्हा नुसत्या चासीची किंमत ८,५०० डॉलर होती. आठ सिलिंडर एका ओळीत, जवळजवळ ७ लिटरचं इंजिन, कंपनीचा दावा २६५ हॉर्सपॉवरचा आणि सुपरचार्जर लावलेल्या एसजेचा ३२०. तुमच्या घरची छोटी हॅचबॅक ८०-९० च्या आसपास असते, म्हणजे अंदाज येईल. महाराजांनी सुपरचार्जर असलेली घेतली, तीही लांब चासीवर. दोन रिक्षा मागंपुढं उभ्या केल्या तरी ती त्यांच्याहून लांब भरेल, आणि मुख्य बैठक फक्त दोघांची! बॉडी बांधली लंडनच्या जे. गर्नी नटिंगनं, १९३६ मध्ये, डिझाइन ए. एफ. मॅकनील यांचं. रंग केशरी आणि काळा.

गर्नी नटिंग हे नाव इथं महत्त्वाचं आहे, कारण १९२० च्या दशकात या कंपनीची ख्याती होती ती कापडी गाड्यांसाठी. सीट कापडी नव्हे, अख्खी बॉडी! वेमन नावाच्या संशोधकाची ही पद्धत. लाकडाचा हलका सांगाडा करायचा, लाकडाला लाकूड घासू नये म्हणून सांध्यांमध्ये धातूच्या पट्ट्या घालायच्या आणि वरून पत्रा न ठोकता लेप दिलेलं कापड ताणून बसवायचं. वजन कमी, खडखडाट नाही. खराब रस्त्यावर सांगाडा थोडा वळायचा, पण तडा जायचा नाही. तोटा असा की काही वर्षांत कापड फाटायचं, आत पाणी शिरून लाकूड सडायचं, आणि चकचकीत रंग देणं काही जमायचं नाही. पुढं चमकदार पेंट स्वस्त झाला आणि ही फॅशन संपली. इंदूरच्या महाराजांची गाडी बनेपर्यंत तेच कारागीर पत्र्यावर आले होते.

आत मात्र अशा उघड्या गाडीत चामड्याशिवाय दुसरं काही टिकलंच नसतं. तसं चामडंही आपल्या हवेत सुखानं राहत नाही. माळव्याच्या मे महिन्यात टप उघडा ठेवून गाडी उभी केली, तर सीटवर पोळी भाजून निघेल. तेल सुकलं की भेगा पडतात, त्या आधी शिवणीच्या कडेला पडतात. पावसाळ्यात कपाटातल्या तुमच्या लेदरच्या बुटांवर जी पांढरी बुरशी येते, तीच सीटवर येते. लोकरी कापडाला कसर लागते, ते धूळ पितं, आणि एकदा भिजलं की आठवडाभर वास सोडत नाही. जुन्या गाड्या जपणाऱ्या मंडळींना विचारा, ते सांगतील की इंजिन नवं करता येतं, पण मूळची सीट एकदा गेली की गेली. कापडाच्या बाबतीत तर जास्तच. चामड्याला दर काही महिन्यांनी मलम लावून, सावलीत ठेवून पन्नास-साठ वर्षं काढता येतात. कापडावर असा लेप चढत नाही. म्हणूनच आज जुन्या गाड्यांत मूळ चामडं अधूनमधून बघायला मिळतं, मूळ कापड फार क्वचित.

हा सगळा पैसा आला कुठून? विचारायलाच हवं. माळव्याच्या काळ्या जमिनीत कापूस पिकायचा, आणि इंदुरात मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल, कल्याणमल मिल अशा गिरण्यांचे भोंगे वाजायचे. संस्थानाची तिजोरी शेतसारा आणि या व्यापारावर चालायची. म्हणजे शेवटी कापसानं चामड्याच्या सीटचे पैसे भरले. गिरणीत पाळी करणाऱ्या कामगारानं ती केशरी गाडी बघून काय विचार केला असेल, हे तुम्ही ठरवा. राजाच्या बाजूनं एवढं म्हणता येईल की त्यानं पैसा फक्त स्वतःवर उधळला नाही. सी. के. नायडूंच्या होळकर संघाला त्यानं पाठबळ दिलं आणि त्या संघानं १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. मुंबईच्या क्रिकेटवाल्यांना हे नाव अजून टोचतं. पण गाडी स्वतः चालवणाऱ्या या राजाला राज्य स्वतः चालवता येत नव्हतं, हेही खरं. इंदूरचा ब्रिटिश रेसिडेंट कायम शेजारच्या सीटवर होता.

फ्रेंच चित्रकार बेर्नार बूते द माँव्हेल यानं यशवंतरावांची दोन मोठी पोर्ट्रेट्स केली. १९२९ च्या चित्रात ते पाश्चात्त्य इव्हिनिंग ड्रेसमध्ये, खांद्यावर काळा केप टाकून, उंच आणि सडपातळ उभे आहेत. १९३४ च्या चित्रात पांढरा मराठी पोशाख, डोक्यावर होळकरी पगडी, गळ्यात इंदूरचे ते दोन प्रसिद्ध पेअरच्या आकाराचे हिरे, प्रत्येकी सुमारे ४७ कॅरटचे, आणि बैठक गादीची. पाच वर्षांच्या अंतरानं काढलेली ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्हींत चेहरा तोच, थोडासा उदास. कुठला वेश खरा, हे चित्रकारानं ठरवलेलं नाही आणि बहुतेक यशवंतरावांनीही नाही.

१९३७ मध्ये संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. वय अवघं बाविसाच्या आसपास. मुलगी उषा तेव्हा लहानच. त्याच सुमारास ब्रांकुझी या जगप्रसिद्ध शिल्पकाराकडून इंदुरात एक ध्यानमंदिर बांधून घ्यायचं चाललं होतं. त्याची ‘बर्ड इन स्पेस’ मालिकेतली तीन शिल्पं महाराजांनी आधीच घेतली होती, एक ब्राँझचं, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचं. ब्रांकुझी हिवाळ्यात इंदूरला येऊनही गेला. मंदिर झालं नाही. जिच्याबरोबर ते घर सजवलं तीच गेल्यावर त्या घरात नवं काही घडवायची उमेदही गेली असावी, असं मला वाटतं.

पुढचं भराभर सांगतो. युद्धाच्या काळात बराच मुक्काम अमेरिकेत. आणखी दोन लग्नं, दोन्ही अमेरिकन बायकांशी. १९४४ मध्ये मुलगा रिचर्ड. हिरे १९४६ मध्ये हॅरी विन्स्टनला विकले. स्वातंत्र्यानंतर इंदूर मध्य भारतात विलीन झालं, यशवंतराव तिथले उपराजप्रमुख झाले, आणि १९५६ मध्ये मध्य भारतच नव्या मध्य प्रदेशात विरघळल्यावर तेही पद संपलं. ५ डिसेंबर १९६१ ला त्यांचं निधन झालं. आग्रा रोडच्या या टोकाला, मुंबईत.

गंमत बघा, ते असेपर्यंतच स्पोर्ट्स कारच्या आतलं चित्र पुन्हा पालटत होतं. १९५४ ला बाजारात आलेली मर्सिडीज ३०० एसएल, पंखासारखी दारं वर उघडणारी, जगातल्या सर्वात वेगवान गाड्यांपैकी एक. तिच्या सीट मुळात चौकड्यांच्या कापडाच्या असायच्या. लेदर हवं तर जादा पैसे. पोर्शेनंही साठच्या दशकात ९११ मध्ये काळ्यापांढऱ्या ‘पेपिटा’ कापडाच्या सीट दिल्या. जोरात वळण घेताना माणूस चामड्यावरून सरकतो, कापडावर धरून राहतो. बग्गीतल्या मालकाला जे ठाऊक होतं, तेच ड्रायव्हरला नव्यानं कळलं. आज या गाड्या लिलावात येतात, तेव्हा मूळच्या चौकड्यांच्या कापडासाठी शौकीन लोक हट्ट धरतात, आणि कधीतरी हौसेनं बसवलेलं लेदर काढून पुन्हा कापड बसवून घेतात.

माणिकबागेतलं फर्निचर १९८० मध्ये मोंटे कार्लोला सदबीजच्या लिलावात विकलं गेलं आणि जगभर पांगलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या म्युझियमनं त्यातलं बरंचसं पुन्हा एका छताखाली आणून मोठं प्रदर्शन भरवलं. इमारत मात्र इंदुरातच आहे, आत करखात्याचं ऑफिस चालतं. आणि महेश्वरला यशवंतरावांच्या मुलानं आणि सुनेनं सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘रेहवा’ नावाची संस्था काढली, तिथल्या बंद पडत चाललेल्या हातमागांसाठी. आईच्या किंवा आजीच्या कपाटात एखादी महेश्वरी असेल तर तिचा पोत जरा बोटांनी बघा. होळकरांच्या घरातलं कापड अजून विणलं जातंय.